बरं वाटतंय, मग किती चालू?

मागच्या महिन्यात याच पानावर पोटावरची पिशवी कशी सांभाळायची त्याबद्दल लिहिलं होतं, आणि त्यावर जी पत्रं नि व्हॉट्सअॅप मेसेज आले त्यातले बरेचसे पिशवीबद्दल नव्हतेच, ते होते चालण्याबद्दल, जिन्याबद्दल, बादलीबद्दल, लोकलबद्दल. ऑपरेशन झालं, घरी आलो, आता हलायचं किती? म्हणून यावेळचं पान त्यालाच. ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच, की आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या काही आजारांत पोटावर एक नवी वाट काढून द्यावी लागते, तिला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याची असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याची असेल तर इलिओस्टॉमी, लघवीची असेल तर युरोस्टॉमी, आणि त्यावर पिशवी लावतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यातच प्रॅक्टिस करते. तुमच्या सर्जननी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, तुमचं पोट त्यांनी आतून बघितलंय.

प्रश्न: ताई, माझं वय ५८, राहायला कोपरीला. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, कायमची कोलोस्टॉमी आहे, खालचा मार्ग बंद केलाय. सहावा आठवडा चालू आहे. गेल्या रविवारी उठलो तोच एकदम फ्रेश, म्हटलं आज जाऊच, मुलाने तलावपाळीला सोडलं, दोन चकरा मारल्या, जुने ओळखीचे भेटले, गप्पा झाल्या, येताना मार्केटातून भाजी घेतली, जेवलो, संध्याकाळी परत खाली उतरलो. सोमवारी उठवेना. मंगळवारपण तसाच. पाय जड, पोट ओढल्यासारखं, वर चिडचिड. बायको म्हणते कुणी सांगितलं होतं एवढं करायला. पण रविवारी मला खरंच काही होत नव्हतं हो. मग हे अचानक काय?
— एक वाचक, कोपरी

उत्तर: काका, रविवारचं बिल सोमवारी आलं, एवढंच झालंय. मोठ्या ऑपरेशननंतरचा थकवा असाच उशिरा येतो. चालताना कळत नाही, गप्पा मारताना तर मुळीच नाही, रात्री झोपलं की मग तो अंगात उतरतो आणि सकाळी समोर उभा. यात खरा घोटाळा पुढे होतो. दोन दिवस पडून काढले की तिसऱ्या दिवशी थोडं बरं वाटतं, मग डोक्यात येतं की दोन दिवस वाया गेले, आज भरून काढू, आणि पुन्हा तेच. माझ्याकडे येणारे कितीतरी पेशंट महिना महिना या गोल चक्करमध्ये फिरत असतात आणि म्हणतात की मी तर खूप प्रयत्न करतोय तरी तब्येत पुढेच सरकत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, वाईट दिवशीसुद्धा जमेल इतकंच रोज करायचं. आणि चांगल्या दिवशी त्याच्या वर जायचं नाही. पहिलं अर्धं सगळे ऐकतात. दुसऱ्या अर्ध्यावर सगळे माझ्याशी भांडतात, तुम्हीपण भांडाल.

आता हे करायचं कसं. चार-पाच दिवस बघा की कुठल्याही दिवशी, अगदी रात्री पिशवी रिकामी करायला दोनदा उठावं लागलं असेल त्या दिवशीही, तुम्ही आरामात किती मिनिटं चालू शकता. समजा १० मिनिटं. मग सुरुवात ७ पासून करा, दिवसातून तीनदा, मध्ये भरपूर गॅप. घरातल्या हॉलमध्ये, लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये, कुठेही चालेल, पहिल्या आठवड्यात तलावपाळी नको. मिनिटं मोजा, चकरा मोजू नका, कारण चकरा मोजल्या की "एक अजून" होतेच होते आणि शिवाय चक्कर अर्धी झाल्यावर दमलात तर परत यायला उरलेली अर्धी चालावीच लागते. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांत दम लागत असेल तर वेग कमी करा. वेळ संपली की थांबायचं, अंगात कितीही जोर असला तरी. आठवड्यातून एकदाच वाढवायचं, तेही एक-दोन मिनिटांनी.

आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर जिथे दुधाचा हिशोब लिहिता त्याच चौकटीत रात्री लिहा आज एकूण किती मिनिटं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, त्या आकड्याशेजारी एक खूण करा, अंग ठीक असेल तर बरोबरची, जड असेल तर फुलीची. पुढच्या आठवड्यात वाढवायचं की नाही हे त्या सकाळच्या खुणांवरून ठरवा, संध्याकाळच्या उत्साहावरून अजिबात नको. फुली आली तर त्या दिवशी पलंगावर झोपून राहायचं असं नाही बरं का, निम्मं करा, पण करा. पडून राहिलं की पायात रक्त साकळायचा धोका असतो, कॅन्सरच्या पेशंटला तर जास्तच, त्यामुळे एका पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर चालून मोकळी होईल म्हणत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर तासभरसुद्धा थांबायचं नाही.

तुमच्या रविवारात मला चालण्यापेक्षा बाकीचंच जास्त दिसतंय. उभं राहून मारलेल्या गप्पा, गाडीत चढणं-उतरणं, भाजीची पिशवी, संध्याकाळचा जिना, हे सगळं त्याच खात्यातून जातं. भेटायला आलेले पाहुणे दोन तास बसले तर तेसुद्धा. लोक विचारतात मी तर काहीच केलं नाही मग दमलो का, तर सकाळपासून अकरा माणसांना ऑपरेशनची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, म्हणून. बायकोला दारावर वॉचमन म्हणून उभं करा थोडे दिवस.

तुमची खालचीही जखम आहे म्हणून वेगळं सांगते. एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. घरचे प्रेमाने मधे भोक असलेली ती रबरी रिंग आणून देतात, ती नको, तिच्यामुळे जखमेच्या कडा दोन्हीकडे ताणल्या जातात. साधी मऊ सपाट उशी घ्या. खड्ड्यातून रिक्षाने जाणं सध्या टाळा आणि जावंच लागलं तर एक उशी बुडाखाली, एक पोटाशी धरायला.

हे सगळं नीट तीन आठवडे करूनही आकडा जागचा हलत नसेल तर इच्छाशक्ती वगैरे काढू नका, हिमोग्लोबिन तपासा. केमो चालू असेल तर त्या त्या आठवड्यात आकडा खाली येणारच, तो खाली आणूनच लिहा.

प्रश्न: मी ३४ वर्षांची, ऐरोलीला राहते, आयटीत आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला आतून सूज नि जखमा होतात तो आजार) मोठं आतडं काढलं, इलिओस्टॉमी आहे, दोन महिने होतील. काम घरूनच चालू केलंय अर्धा दिवस. संध्याकाळी वॉकला गेले की पंधरा मिनिटांतच चक्कर, पायात गोळे, डोकं दुखतं. सगळे सांगतात पाणी पी म्हणून मी दिवसभर बाटल्याच्या बाटल्या पाणी पिते पण पिशवी अजूनच भरते नि चक्कर काही जात नाही. स्टॅमिनाच गेलाय का माझा?
— ऐरोली

उत्तर: नाही गं, स्टॅमिनाच्या आधी मीठ गेलंय असा माझा अंदाज आहे. मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी आणि मीठ शोषून घेणं, आणि तुझं तेच काढलंय. इलिओस्टॉमीतून जे बाहेर जातं त्यात मीठ भरपूर असतं. त्यावर नुसतं साधं पाणी ढोसलं की लहान आतडं ते पाणी शरीरात घेण्याऐवजी शरीरातलंच मीठ त्यात सोडतं आणि सगळं मिळून पिशवीत उतरतं. म्हणून तुझी पिशवी भरते आणि तू कोरडीच राहतेस. वर आपल्याकडची हवा, ऐरोलीच्या खाडीचा दमटपणा, घामातून गेलं ते वेगळंच.

मेडिकलमधून ओआरएसची पावडर आण, पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघूनच घे, कारण त्याच्या शेजारीच तसल्याच दिसणाऱ्या गोड ज्यूसच्या खोक्या ठेवलेल्या असतात त्या कामाच्या नाहीत, जास्त साखरेने जुलाब वाढतात. मोठं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं अर्धं करून अंदाजाने नको. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा. वॉकच्या अर्धा तास आधी एक ग्लास घोट घोट घे, आल्यावर परत. साधं पाणी बंद नाही करायचं, पण दिवसभराच्या पिण्यातला काही भाग असा खारट असू दे, किती ते डॉक्टरांना विचारून ठरव. बीपी, किडनी किंवा हार्टचा त्रास असलेल्या वाचकांनी हे वाचून परस्पर मीठ वाढवू नये प्लीज. जेवणात मऊ भात, बटाटा, केळं, यांनी बाहेर येणारं थोडं घट्ट होतं, ताक घेतलंस तर मीठ घालून.

एक दिवस मोजून बघ. पिशवी रिकामी करताना एका जुन्या मापाच्या मगमध्ये कर आणि लिहून ठेव. स्थिरावलेल्या इलिओस्टॉमीतून दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिली येतं, थोडं मागेपुढे. दीड लिटरच्या वर रोज जात असेल, लघवी कमी आणि गडद पिवळी होत असेल, तर वॉकचा विषय बाजूला ठेव आणि सर्जनला फोन कर, त्यावर गोळ्या असतात पण त्या त्यांनीच द्यायच्या. आणि याच्या उलट, काही तास पिशवीत काहीच आलं नाही, पोटात कळा येतायत, उलटी होतेय, तर आतडं अडकल्याची शंका घ्यायची आणि रात्र असली तरी निघायचं.

वॉकची वेळ बदल. ऑफिसचं काम संपवून, डोळे आणि डोकं शिणल्यावर तू चालायला निघतेस, म्हणजे दिवसाचं सगळ्यात रिकामं टोक. सकाळी लॉगिनच्या आधी दहा मिनिटं कर. एक महिना तरी संध्याकाळी नकोच.

प्रश्न: आमच्या ह्यांचं वय ६६, नेरूळला असतो आम्ही. कोलोस्टॉमी होऊन तीन महिने झाले. डॉक्टर म्हणतात सगळं उत्तम, फिरा. हे पलंग ते सोफा, सोफा ते पलंग. पूर्वी रोज ज्वेलला, म्हणजे इथल्या तळ्याकाठच्या ट्रॅकला, जायचे सकाळी, सगळा ग्रुप आहे तिथे. आता म्हणतात पिशवी सुटली तर, वास आला तर, आवाज आला तर. मी बोलले की रागावतात. काय करू?
— नेरूळ, सेक्टर लिहीत नाही

उत्तर: ताई, आधी एक सांगा त्यांना, की नीट लावलेली पिशवी चालण्याने सुटत नाही. ती सुटते ओल्या कातडीवर लावली म्हणून, लावायच्या आधी अंगाला तेल किंवा क्रीम चोपडलं म्हणून, कातडीला चिकटणाऱ्या प्लेटचं भोक स्टोमापेक्षा मोठं कापलं म्हणून, किंवा पिशवी ओसंडेपर्यंत रिकामी केली नाही म्हणून. एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची. लावल्यावर हाताचा तळवा त्यावर दोन-चार मिनिटं ठेवायचा, उबेने चिकटपणा पकडतो. भोकाचं म्हणाल तर पहिल्या दीड-दोन महिन्यांत स्टोमाची सूज उतरते आणि तो आकाराने लहान होतो, लोक मात्र हॉस्पिटलात दिलेलंच माप धरून कापत बसतात. पुन्हा मोजा. मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात प्लेट रोजच्यापेक्षा एखादा दिवस आधी बदलावी लागते, ते धरूनच चाला. पिशवी आणि कातडीच्या मधे मऊ सुती कापड ठेवलं की घामाने चुरचुरत नाही. आणि जादा सामान स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने गोंद वितळतो.

एवढं झालं की मग भीतीचं बघू, कारण ती बोलून जात नाही. सोसायटीच्या गेटपर्यंत, दुपारी, कुणी नसताना, तुम्ही बरोबर, खांद्याला एक छोटी बॅग, त्यात जादा पिशवी, टिश्यू, पाण्याची छोटी बाटली, कचऱ्यासाठी काळी पिशवी. पाच मिनिटांत परत. आठवडाभर तेवढंच. मग समोरच्या मेडिकलपर्यंत. ज्वेल शेवटी, आणि तेही ग्रुपच्या वेळेला नको, आधी दोघंच जा, टॉयलेट कुठे आहे ते बघून ठेवा. ग्रुपमधल्या एका जवळच्या माणसाला आधी सांगून टाकायचं. सगळ्यांना सांगायची गरज नाही पण एकाला माहीत असलं की निम्मं ओझं उतरतं. आवाजाचं म्हणाल तर बाहेर आवाज झालाच तर हात हलकेच स्टोमावर दाबायचा, दबतो. आणि खरं सांगू का, त्या ट्रॅकवर सकाळी साठीच्या पुढची इतकी माणसं असतात की कुणाच्या पोटातून कसला आवाज आला हे शोधायला कुणी जात नाही.

घरातले जास्त जपतात तोही भाग बघा. पाण्याचा ग्लास हातात, टॉवेल हातात, चप्पल पायाशी. बंद करा हे. ग्लास स्वयंपाकघरातून स्वतः आणला तरी त्यांची दिवसातली वीस-पंचवीस पावलं होतात.

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. तिथे वर्षानुवर्षं पिशवी लावून नोकरी-धंदा केलेली माणसं भेटतात. बायकोने दहा वेळा सांगितलेलं जे कानावरून जातं ते अशा माणसाने एकदा सांगितलं की पटतं, नवऱ्यांची जात.

प्रश्न: मी कळव्याला राहते, वय ४९, इलिओस्टॉमी टेम्पररी आहे, केमो झाली की आत टाकणार म्हणालेत. सर्जन म्हणाले वजन उचलायचं नाही. पण वजन म्हणजे किती ते सांगितलंच नाही. आमच्याकडे पाणी सकाळी तासभर येतं, बादल्या भराव्याच लागतात. कणीक मळू का? फरशी पुसू का? गौरी आमच्याकडे बसतात. आणि मंगळागौरीचा आमचा ग्रुप आहे, फुगड्या कधीपासून?
— कळवा

उत्तर: ताई, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण कागदावर "हेवी लिफ्टिंग टाळा" लिहून देतात आणि वाचणाऱ्याला वाटतं जिममधलं वजन. पहिले सहा ते आठ आठवडे साधारण दोन-तीन किलोच्या वर नको, बारा आठवड्यांपर्यंत चार-पाच किलोच्या वर नको, बहुतेक सर्जन याच्या आसपास सांगतात, तुमच्या सर्जनला नेमका आकडा विचारून घ्या. आता घरात बघा. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या चार पिशव्या म्हणजे दोन किलो. पाण्याने भरलेली मोठी बादली पंधरा ते वीस किलो. पाण्याचा जार वीसच्या वर. भरलेला गॅस सिलेंडर तीस किलोच्या आसपास. ओली चादर पिळणं हे वजन नाही पण पोटाला तितकाच ताण. वर्षाचं नातवंड आठ-दहा किलो, तुम्ही खाली बसा आणि त्याला मांडीवर चढू द्या.

एवढं जपायचं कशासाठी तर स्टोमा तयार करताना पोटाच्या स्नायूतूनच भोक पाडतात. टाके वरून सुकले तरी ती जागा कमजोरच राहते, आणि पोटावर आतून जोर आला की स्टोमाच्या बाजूने आतडं स्नायूतून बाहेर फुगू शकतं, त्याला पॅरास्टोमल हर्निया म्हणतात. पहिल्या दोन वर्षांत जास्त दिसतो. नुसत्या वजनाने नाही, खोकल्याने, कुंथण्याने, पलंगावरून सरळ झटक्यात उठण्यानेसुद्धा. आजी सांगायची ना उजव्या कुशीवर वळून ऊठ, तेच करा, कुस तुम्हाला सोयीची घ्या. कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, कोपराने आणि हाताने रेटा देत वर यायचं, श्वास न कोंडता. खोकला-शिंक आली की हात किंवा उशी स्टोमावर धरून दाबायची. उठताना स्टोमाशेजारी फुगवटा दिसला, झोपल्यावर जातोय, तर दाखवून घ्या. तो कडक झाला, दुखायला लागला, किंवा लालसर ओला दिसणारा स्टोमा जांभळा-काळा पडला तर थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

पाणी तुम्ही भरू नका, घरातलं दुसरं कुणीतरी उठेल सकाळी, उठत नसेल तर उठवा. फारच अडलं तर नळाला पाइप लावून बादली जागेवर भरायची आणि तांब्याने काढून घ्यायची. कणीक दोन-चार माणसांची, ओट्याशी उभं राहून, सैलसर, थोडी थोडी, चालेल, महिना-दीड महिन्यानंतर. खाली बसून परातीत घट्ट पुरणाची कणीक तिंबायची नाही. फरशी वाकून पुसायची नाही, उभ्या मॉपने एक खोली आज, एक उद्या. झाडू-पोछा-भांडी-कपडे एकाच सकाळी उरकायची आपल्या बायकांची जी सवय आहे ना ती सध्या मोडायची. एक काम, मग टेकायचं, मग दुसरं, आणि टेकायचं म्हणजे टेकून भाजी निवडायची असं नाही.

केमो चालू असताना गौरी येत असतील तर यंदा फराळ बाहेरून आणा. गौरी नाराज होत नाहीत, जावा होतील, त्यांचं बघून घेऊ. उभ्याच्या गौरी मांडायला दुसरे हात घ्या, तुम्ही खुर्चीवर बसून दागिने घाला, साडीच्या निऱ्या धरा. स्वतः साडी नेसताना परकराची नाडी स्टोमावर येणार नाही असं बघा, वर किंवा खाली बांधा, नाहीतर रुंद इलॅस्टिकचा परकर शिवून घ्या. फुगडी यंदा नाहीच. हात धरून मागे झुकताना पोटावर जो ताण येतो तो सगळा त्या जागेवर, आणि समोरची घसरली की संपलं. स्टोमा आत टाकल्यावरही पुन्हा तेवढेच आठवडे जपावं लागतं, तेही ऑपरेशनच आहे. गाणी म्हणा, झिम्म्याचा ठेका धरा बसून.

प्रश्न: २६, खारघर. ऑपरेशनच्या आधी जिम, पावसात ट्रेक, विकेंडला फुटबॉल. इलिओस्टॉमी, पर्मनंट असेल म्हणतायत. आता चार महिने झाले, रिपोर्ट नॉर्मल. आता हे सगळं विसरायचं का, सरळ सांगा.

उत्तर: सरळच सांगते, विसरायचं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये रॉल्फ बेनिर्श्के नावाचा किकर होता, सान डिएगो चार्जर्सचा, १९७९ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसने अगदी मरणाच्या दारात गेला, इलिओस्टॉमी झाली, आणि १९८० च्या सीझनला तो परत मैदानात होता, त्यानंतर बरीच वर्षं खेळला. आता लगेच उद्या टर्फवर जाऊ नकोस हे वाचून.

चार महिन्यांनंतर सर्जनची परवानगी असेल तर ताकद वाढवायला हरकत नाही, पण सुरुवात पोटाच्या आतल्या स्नायूंपासून कर. उताणं झोप, गुडघे वाकवलेले, श्वास सोडताना बेंबी हलकेच आत घे, कंबर जमिनीला टेकव, पाच आकडे धर, सोड. मग गुडघे जोडून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे थोडेसेच झुकव. कंटाळवाणं आहे, माहितेय. तरी दोन-तीन आठवडे कर. सिटअप, प्लँक, डेडलिफ्ट इतक्यात नको, वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, जोर लावताना सोडायचा. जिममध्ये आधी होतं त्याच्या पाव वजनापासून, आणि कोपरीच्या काकांना सांगितलं तेच तुलाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटतंय ते बघून पुढचं ठरव. तरुण पोरांचा उत्साह तर अजूनच खोटं बोलतो. सपोर्ट बेल्ट विकत घेण्याआधी स्टोमा नर्सकडून माप घे, चुकीच्या मापाचा बेल्ट पिशवी दाबून ठेवतो नि गळती होते.

पोहणं चालेल जखमा पूर्ण भरल्यावर, पिशवी पाण्यात टिकते, रिकामी करून उतर आणि पिशवीला गॅसचा फिल्टर असेल तर त्यावर सोबत मिळणारा स्टिकर लाव. फुटबॉलमध्ये अंगावर येणारे टॅकल हा एकच खरा प्रश्न, स्टोमाला दुखायच्या नसाच नसतात, म्हणजे मार लागला तरी कळणार नाही, त्यामुळे कडक गार्ड घालूनच. ट्रेकला खारघरच्या टेकड्यांवरून सुरू कर, सेंट्रल पार्कमध्ये तासभर चालून दुसऱ्या दिवशी ठणठणीत उठायला लागलास की मग. ओआरएस दोन पाकिटं सॅकमध्ये, आणि वर ऐरोलीच्या ताईला लिहिलंय ते वाच.

प्रश्न: योगासनं कधी? प्राणायाम? — घोडबंदर रोड

उत्तर: साधा दीर्घ श्वास, अनुलोम-विलोम, शवासन, पहिल्या आठवड्यापासून. कपालभाती आणि भस्त्रिका नको, दोन्हींत पोटाला झटके बसतात. सूर्यनमस्कार तीन महिन्यांनंतर, तेही दोन-दोन, हळू. मयूरासन, धनुरासन, नौकासन, पोटावर झोपून करायचं काहीही, सर्जनला विचारल्याशिवाय नाही. सत्संगातल्या काकू करतात म्हणून तर अजिबातच नाही.

प्रश्न: ठाण्याहून सीएसएमटीला रोज जावं लागतं. डॉक्टर पुढच्या महिन्यात जॉइन व्हा म्हणतायत. लोकल झेपेल का? — ठाणे पश्चिम

उत्तर: ऑफिस झेपेल, प्रवास झेपेल का हे आधी तपासा. जॉइन व्हायच्या आधी दोन-तीनदा रिकाम्या वेळेला, दुपारी, नुसतं जाऊन या. जिन्याऐवजी सरकता जिना किंवा लिफ्ट. गर्दीत कुणाच्या बॅगेचा कोपरा पोटात बसणार नाही असं उभं राहायचं म्हणजे स्टोमा भिंतीच्या बाजूला, आपली सॅक पुढे पण पोटाला न टेकता. शक्य असेल तर ठाण्याहून सुटणारी गाडी धरा, बसायला मिळतं. साहेबांशी बोलून पहिला महिना एक दिवसाआड किंवा अकरानंतरची वेळ मागा, आणि बुधवार घरी ठेवा, सोमवार-मंगळवारचा थकवा त्या दिवशी उतरतो. पँटचा पट्टा स्टोमावर येत असेल तर थोडी उंच कमरेची, सैल पँट.

आणि पासाचं बघा. रेल्वेच्या सवलतींच्या यादीत ऑस्टॉमीचे पेशंट वेगळे धरलेले आहेत, मासिक आणि त्रैमासिक पासावर ५० टक्के सवलत आहे, फर्स्ट क्लासलासुद्धा. हॉस्पिटलकडून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातच सर्टिफिकेट घ्या, साध्या लेटरहेडवरचं खिडकीवर चालत नाही, आणि त्याच्या दोन झेरॉक्स काढून एक घरी ठेवा.